अल्बमच्या गाण्याचं शूट करताय? या चुका टाळा

आगरी-कोळी गाणी, हळदीची गाणी, प्रेमगीतं. गाणी एडिट करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हार्ड डिस्क हातात ठेवताना जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, “दादा, लिप्सिंग तेवढं बघून घ्या.” ओठ गाण्याशी जुळतात का, ते बघायची जागा सेट आहे, माझं टेबल नव्हे.

सगळ्यात महागात पडतं ते रफ, म्हणजे अजून पक्कं न झालेल्या गाण्यावर शूट करणं. अलिबागजवळच्या किनाऱ्यावर शूट झालेलं एक कोळीगीत माझ्याकडे आलं होतं. दोन दिवसांचं काम, बारा नाचणाऱ्या मुली, भाड्याची होडी. शूटच्या वेळी गाणं १०० बीपीएमवर (मिनिटाला १०० ठोके) होतं. नंतर ते संथ वाटलं म्हणून फायनलला १०४ केलं. ऐकताना फरक किरकोळ वाटतो, पण चार मिनिटांच्या गाण्यातले नऊ सेकंद त्यात गेले. मी शॉट्सचा वेग ४ टक्के वाढवून पाहिला. त्यात सेकंदाच्या पंचवीस फ्रेम्सपैकी (चित्रांपैकी) एक गळते आणि सरकती होडी गचके खाते. तेही चालवून घेतलं असतं, पण गायिकेने फायनल नव्याने गायलं होतं. रफमध्ये लांबवलेला शब्द आता तोडून घेतलेला, अंतऱ्यात नवी हरकत, श्वासाच्या जागा वेगळ्या. पडद्यावरची मुलगी मात्र जुनंच गाणं म्हणत होती, आणि फार मनापासून म्हणत होती. तिचे चांगले क्लोजअप मला काढून टाकावे लागले. त्या जागी पाठमोरे शॉट्स, पैंजण, लाटा. तिच्या मेहनतीचं आजही वाईट वाटतं.

म्हणून फाइलच्या नावात तारीख आणि ‘लॉक’ (आता बदल नाही) हा शब्द असल्याशिवाय ती सेटवर वाजवू नका. मी गाण्याआधी ‘एक-दोन-तीन-चार’ असे चार काउंट टाकून देतो. कॅमेऱ्याचा माइक कायम चालू ठेवायला सांगतो, म्हणजे प्रत्येक शॉट गाण्याला लावता येतो. आणि सगळ्यात आधी एका जागेवरून पूर्ण गाण्याचा एक अखंड टेक घ्या. नव्या मुलांना त्याचा कंटाळा येतो, त्यांना लगेच गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) फिरवायचा असतो.

दुसरी चूक स्लो मोशनची. सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर दाखवायचं असेल, तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजायला हवं. पट्टी तीच ठेवून वेग वाढवा, नाहीतर चिरका आवाज ऐकून कलाकार गोंधळतो. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं ‘यलो’ हे गाणं २००० साली इंग्लंडच्या स्टडलंड बे किनाऱ्यावर असंच शूट झालं. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन दुप्पट वेगाने गात चालला, म्हणून समुद्र संथ दिसतो आणि ओठ बरोबर जुळतात. त्याला सराव लागतो. कलाकाराला दोन दिवस आधी वेगवान ट्रॅक पाठवा. “नेहमीच्या वेगावर घेऊ, नंतर स्लो करू,” असं कोणी म्हणालं तर शूट थांबवा.

बाकीचं थोडक्यात. स्पीकर नाचणाऱ्यांच्या जवळ ठेवा. ३४ मीटरवर आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि मागची रांग अडीच फ्रेम मागे पडते. गाणं फोनवरून वाजवत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका. हॉलमधल्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्रात दिवे लुकलुकतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेला आज तीच वाळू मिळत नाही. केंद्र-संरक्षित किल्ल्यावर शूट करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी हातात हवी. आणि जुन्या गाण्याचं कव्हर (तेच गाणं नव्याने गाऊन) करताना एवढं वाचून घ्या: कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मधली मुभा ध्वनिमुद्रणापुरती आहे, व्हिडिओची परवानगी वेगळी मागावी लागते. शूटचे पैसे खर्च होण्याआधी मागा.