ब्लूबेरी लावताय? आधी थंडी बघा, मग माती

रोप घेताना व्हरायटी विचाराच, कारण ब्लूक्रॉप या जातीला हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालची थंडी साधारण ८०० तास लागते, ती न्यू जर्सीच्या अंगणात मिळते पण पुण्यात नाही, त्यामुळे इकडे बिलॉक्सी, मिस्टी अशा कमी थंडीवाल्या घ्या आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या लावा म्हणजे फळं मोठी धरतात. माती मात्र कुठेही आम्लीयच हवी, पीएच (आम्लतेचं माप) ४.५ ते ५.५. आपल्या काळ्या मातीत नका लावू प्लीज, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे लोह मिळत नाहीये. मोठ्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, पाइनची साल मिळाली तर फारच छान. बोअरच्या क्षारवाल्या पाण्याऐवजी पावसाचं साठवलेलं घाला. राख, चुना अजिबात नको!