एक्सटर्ममधलं कॉपी-पेस्ट सुरळीत करा

जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की मी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) म्हणून एक्सटर्मच ठेवतो. 1984 पासूनचा प्रोग्रॅम, पण क्लिक करताच खिडकी समोर हजर. नवख्यांना एकच गोष्ट छळते: ब्राउझरमध्ये कंट्रोल-सीने कॉपी केलेली कमांड इथे पेस्टच होत नाही.

कारण साधं आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या 'एक्स' या यंत्रणेत कॉपी केलेल्या मजकुरासाठी दोन वेगळे कप्पे असतात. माउसने नुसता मजकूर निवडला की तो 'प्रायमरी'त जातो, कंट्रोल-सी केलं की 'क्लिपबोर्ड'मध्ये. एक्सटर्म मुळात पहिलाच कप्पा बघतो.

कंट्रोल दाबून धरा आणि माउसचं मधलं बटण दाबा. मेनू उघडेल, त्यात 'सिलेक्ट टू क्लिपबोर्ड'वर खूण करा. आता शिफ्ट-इन्सर्टने ब्राउझरमधली कमांड थेट उतरते, आणि टर्मिनलमध्ये निवडलेला मजकूर बाहेर कंट्रोल-व्हीने चिकटवता येतो. खिडकी बंद केली की ही खूण जाते. कायमची हवी तर हाच पर्याय एक्स-रिसोर्सेसच्या (एक्सच्या प्रोग्रॅमांची सेटिंग्ज ठेवणाऱ्या) फाइलीत 'ट्रू' करून ठेवा.

अक्षरं बारीक वाटतात? कंट्रोल आणि उजवं बटण: 'लार्ज', 'ह्यूज' तिथेच आहेत.