मळ्यातून फोंतेन्हास: पायी कसं बघावं

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत पाहुणे बहुतेक सेंट सेबॅस्टियन चॅपेलजवळच्या रंगीत गल्लीतच उतरतात, फोटो काढतात आणि निघतात. मी शेजारच्या मळा या वाड्यातला. माझा आग्रह असा की सुरुवात झऱ्यापासून करा.

सकाळी लवकर या, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पाव घालत फिरतो त्या वेळी. गाडी खाडीपलीकडच्या पाटो भागात ठेवून खाडीवरचा पूल चालत ओलांडा आणि आल्तिनो टेकडीच्या पायथ्याचा फोंत फेनिक्स हा झरा गाठा. फोंतेन्हास हे वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव झऱ्यावरूनच पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांची बाग होती. बागेचा मालक आंतोनियो जुआंव द सिकेरा मोझांबिकात पैसा कमावून आलेला, म्हणून लोक त्याला मोसमीकार म्हणत. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि टेकडी नि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं दाटत गेली.

झऱ्यावरून आधी पायऱ्या चढून मारुतीला जा. मारुतीगड टाळून गेलात तर अर्धाच वाडा बघितलात असं मी म्हणेन. फेब्रुवारीत इथे जत्रा भरते, तेव्हा खालच्या रस्त्यावर खाज्याची दुकानं लागतात. वरून कौलांची छपरं आणि औरेंची खाडी एका नजरेत येते. वस्ती अशी लांबट का वाढली ते तिथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

खाली उतरून चॅपेलकडे वळा. आतला क्रूस मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, राजवाड्यातला. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झालं. ज्यांच्या पूर्वजांना घरंदारं सोडून देव हलवावे लागले, त्या आम्हा लोकांना त्या नजरेसमोर उभं राहणं सोपं जात नाही. तरी आत जाच, प्रार्थना चालू नसेल तेव्हा.

पुढे ३१ जानेवारी रस्त्याने उत्तरेकडे चालत राहा. भिंती पिवळ्या, निळ्या, तांबड्या. पांढरा रंग चर्चचा, घरांना त्याची फक्त किनार. काही खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्या आहेत, त्या नीट बघा. मात्र लोकांच्या पायऱ्यांवर बसू नका, दारं ढकलू नका. आत म्हातारी माणसं राहतात. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. मोकळेपणाने विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतात. रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत बेबिंक, म्हणजे थरांची गोवन मिठाई, मिळाली तर घ्या.

शेवटी सां तोमे भागात, पोस्ट ऑफिसजवळ थांबा. पोस्टाची इमारत पूर्वी तंबाखूचं कोठार होती, टांकसाळही शेजारीच. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथवायचा गोव्यातल्या पिंटो कुटुंबाच्या नावाने ओळखला जाणारा कट फुटला आणि त्यात सापडलेल्या पंधरा जणांना पुढच्या वर्षी पणजीत देहदंड दिला गेला. मुलांना बरोबर आणलं असेल तर ही हकिकत त्यांना इथेच सांगा.