एक चूक, दोन तालमी

रात्री साडेआठला हार्डवेअरच्या दुकानाचं शटर ओढलं की मागच्या गोदामात आमची तालीम सुरू होते. एका भिंतीला पीव्हीसीचे पाइप, दुसरीला सिमेंटच्या गोण्या, मधे दहा बाय बाराची मोकळी जागा. नवी पोरं आली की पहिला आठवडा मी एकच काम देतो: एक प्रवेश दोनदा बसवायचा, एकदा शोकांतिका म्हणून, एकदा विनोदी म्हणून. वाक्यं तीच ठेवायची. तुम्हालाही करून बघायचं असेल तर आधी प्रवेश नीट निवडा. रडारडीचा नको, फार्सही नको. ज्यात कुणाची तरी चूक उघडी पडते, असा हवा.

मी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘ईडिपस’मधला कोरिंथच्या म्हाताऱ्या निरोप्याचा प्रवेश घेतो. म्हातारा खुशीत येतो. ईडिपस ज्याला बाप समजतो तो तिथला पॉलिबस राजा गेला, आता तिथली गादी ईडिपसची. पण ईडिपस तिकडे जायला कचरतो, कारण आपल्या हातून आईशी लग्न होईल असं भाकीत आहे आणि तिकडची आई अजून जिवंत आहे. म्हातारा त्याला धीर देतो: एवढंच ना? मग ते तुझे आईबाप नव्हतेच, तुला मीच त्यांच्या हाती दिलं होतं! माणूस आला बक्षिसाच्या आशेने आणि घर पेटवून बसला. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कथानकातला उलटफेर समजावताना हेच उदाहरण दिलंय.

पहिलं वाचन कोरडं करा. मग खडू घेऊन जमिनीवर प्रत्येक पात्राचं नाव लिहा आणि त्याखाली त्याला या क्षणी काय माहीत आहे ते. इथे घाई करू नका, अख्खी एक संध्याकाळ गेली तरी चालेल. म्हाताऱ्याला बाळ कुठून आलं ते ठाऊक आहे, त्याचा अर्थ ठाऊक नाही. ईडिपसला काहीच नाही. आणि योकास्ता, म्हणजे ईडिपसची बायको, जी खरं तर त्याची आई आहे? ती तिथेच उभी आहे, या दोघांचं बोलणं चालू असताना एक शब्द बोलत नाही, आणि तिला ईडिपसच्या आधी सगळं कळतं.

आता शोकांतिका बसवताना योकास्ताला प्रेक्षकांच्या समोर आणा आणि बोलणाऱ्या दोघांना बाजूला सरकवा. विनोदी बसवताना तिला पाठमोरी करा, म्हाताऱ्याला मधे घ्या, आणि त्याचं प्रत्येक वाक्य समोरच्याच्या वाक्याच्या शेपटीवर पडू द्या. हशा आला तर थांबा, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाका. तोंडं वेडीवाकडी करायची नाहीत. पहिल्या वर्षी मी ते करायला लावलं होतं, वर दुःखी तालमीला सनई वाजवली होती. दोन्ही फसलं.

एकदा म्हाताऱ्याचं काम एका रिक्षावाल्या पोराकडे होतं. त्याने बक्षिसासाठी हात पुढे केला आणि प्रवेश संपेपर्यंत तसाच ठेवला. विनोदी तालमीत आम्ही गोण्यांवर लोळलो. दुसऱ्या दिवशी योकास्ता समोर होती. त्याने तोच हात तसाच धरला, आणि कुणाच्या तोंडून आवाज निघेना.

तिसऱ्या दिवशी पोरांना मिनँडर या ग्रीक नाटककाराच्या ‘एपित्रेपोन्तेस’ या विनोदी नाटकाची गोष्ट सांगा. तिथेही टाकून दिलेलं बाळ, ते सापडलेला मेंढपाळ, त्याच्याकडून घेणारा दुसरा माणूस. बाळाजवळच्या अंगठीवरून आईबाप सापडतात आणि मोडत आलेला संसार सावरतो. सामान तेच, दुकान वेगळं! ॲरिस्टॉटल शोकांतिकेतल्या चुकीला ‘हमार्तिया’ म्हणतो आणि हास्यास्पद गोष्टीबद्दल बोलताना त्याच धातूतला ‘हमार्तेमा’ वापरतो. फरक एवढाच, की हसू येणारी चूक दुखवत नाही, नाश करत नाही. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या मेजवानीतल्या संवादाच्या शेवटी, रात्रभर पिऊन झाल्यावर, सॉक्रेटिस पटवून देत असतो की दोन्ही प्रकार एकाच माणसाला लिहिता यायला हवेत. ऐकणारे दोघे पेंगतात. विनोदी लिहिणारा ॲरिस्टोफेनीस आधी झोपतो, शोकांतिकावाला अगाथॉन उजाडता उजाडता. (तालमीची जागरणं केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

घरचं उदाहरण हवं असेल तर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तले तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश घ्या. ते गाळून नाटक एकदा सलग वाचा, मग परत घालून वाचा.

शेवटच्या दिवशी नाटक न वाचलेलं एक माणूस समोर बसवा. विनोदी तालीम दाखवा, आणि त्याचं हसू जिथे थांबेल तिथे संहितेत पेन्सिलीने खूण करा. का थांबलं ते विचारू नका, लोक मग शहाण्यासारखी उत्तरं देतात. आमच्याकडे हे काम बायको करते. ती हसता हसता दर वेळी एकाच जागी थांबते: म्हातारा ईडिपसला सांगतो, तुझे घोटेच साक्ष देतील. तान्हेपणी ते टोचून जखडले होते. म्हातारा बदलून पाहिला, वेग वाढवून पाहिला, हातही दोन्ही पुढे करून पाहिले. पेन्सिलीची खूण तिथून हललेली नाही.