पेसाखचं शुभेच्छापत्र लिहिताय? या चुका टाळा

ठाण्यात आमच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मावशी राहायच्या. एका वर्षी मी हौसेनं त्यांच्यासाठी पेसाख या ज्यू सणाचं कार्ड रंगवलं आणि सोबत नानकटाईचा डबा घेऊन गेले. मावशींनी कार्ड कौतुकानं घेतलं, डबा मात्र दारातच माझ्या हातात परत दिला. "आठ दिवस तुझ्याकडेच राहू दे गं. मग घेऊन ये, चहाबरोबर खाऊ." कार्डावर मी काय काढलं होतं? टम्म फुगलेला पाव.

पेसाखच्या कार्डात होऊ शकणारी सगळ्यात मोठी चूक मी पहिल्याच फटक्यात करून मोकळी झाले होते. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून इस्राएली लोक इतक्या घाईनं निघाले की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, ही या सणामागची कथा. म्हणून सणाच्या दिवसांत घरात खमिराचं काहीही नसतं. पाव, केक, बिस्किटं, बिअर, सगळं बाहेर. त्याऐवजी बिनखमिराची पोळी, मत्सा, खातात. पीठ पाण्यात भिजवल्यापासून 18 मिनिटांच्या आत ती भाजायला लागावी लागते. आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात कोपऱ्यातला चुराही शोधतात. पूर्वी बेने इस्राएल घरांतली तांब्या-पितळेची भांडी पेसाखच्या आधी कल्हईवाल्याकडे जायची. एवढी साफसफाई केलेल्या घरात आपण पावाचं चित्र पाठवायचं म्हणजे एकादशीला मटणाच्या ताटाचं कार्ड देण्यासारखंच.

मग काढायचं काय? भोकाभोकांची चपटी मत्सा, द्राक्षरसाचे चार पेले, सुटकेच्या कथेतला दुभंगलेला समुद्र, पौर्णिमेचा चंद्र, वसंतातली फुलं. नऊ फांद्यांचा दिवा नको, तो हनुक्का या दुसऱ्या ज्यू सणाचा. सफरचंद आणि मध नको, ते शरदातल्या नववर्षाचं. रंगीत अंडी आणि ससा तर ईस्टरचे. (सेदेर म्हणजे पेसाखच्या रात्रीचं विधीचं जेवण; त्याच्या ताटात एक भाजलेलं अंडं असतं खरं, पण ते रंगवलेलं नसतं.)

आणि "भात नाही, चपाती नाही, आठ दिवस कसे काढता हो!" असली गंमत कार्डात करू नका. युरोपातून आलेल्या अनेक ज्यू घरांत पेसाखला भात खात नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल घरांत खातात.

हिब्रू अक्षरं उलटी पडली तर

"खाग सामेआख", म्हणजे आनंदाचा सण, हे दोन शब्द हिब्रूत लिहायचा मोह होतोच. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि डिझाइनची काही ॲप्स ती अक्षरं मुकाट्यानं उलटी लावतात. आपल्याला कळतही नाही, कारण या शुभेच्छेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच आहे, खेत. उलटं झालं तरी दोन्ही टोकं सारखीच दिसतात. तपासायची सोपी खूण सांगते: दोन अक्षरांचा शब्द उजवीकडे आणि तीन अक्षरांचा डावीकडे हवा. तसं नसेल तर मजकूर उलटा पडला आहे. सरळ हातानं काढा. खेत दिसायला दाराच्या चौकटीसारखं असतं, दोन खांब आणि वर आडवी पट्टी, त्यामुळे काढायला अवघड नाही. देवाचं हिब्रू नाव मात्र कार्डावर घालू नका. ते लिहिलेला कागद धर्मनिष्ठ माणसाला टाकून देता येत नाही.

खास पेसाखची शुभेच्छा हवी असेल तर "खाग काशेर वेसामेआख", म्हणजे कोशेर आणि आनंदाचा सण, असं म्हणा. देवनागरीत लिहिलं तरी चालतं. मराठी बायबलातला "वल्हांडण" हा शब्द छान आहे, पण घरात बोलताना पेसाखच ऐकू येतं.

तारीख चुकते ती अशी

सण निसान महिन्याच्या 15 तारखेचा, म्हणजे पौर्णिमेचा. ज्यू पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो, 19 वर्षांत सात वेळा. म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. ईस्टरच्या अंदाजानं गेलात तर फसाल: 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला होता आणि पेसाख 22 एप्रिलच्या संध्याकाळी लागला. 2026 मध्ये पहिला दिवस 2 एप्रिल, नेमका हनुमान जयंतीचा. पण ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे सेदेर 1 तारखेच्या रात्री. कार्ड त्याआधी पोचायला हवं. सणाच्या मुख्य दिवसांत कडक पाळणारे लोक लिहीत नाहीत, फोनही उघडत नाहीत. तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा मेसेज टाकू नका.

मजकुराचं काय

"सुख, समृद्धी, भरभराट लाभो" हे दिवाळीलाही चालतं, वास्तुशांतीलाही चालतं, म्हणून इथे फिकं पडतं. दुसऱ्या टोकाला "आपल्या पूर्वजांनी सोसलेल्या यातना आठवून मन हेलावलं" हा सांत्वनाचा सूर. अहो, सुटकेचा सण आहे तो! आजच्या राजकारणावरही एक शब्द नको. "पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये" हे सेदेरच्या शेवटचं वाक्य आहे. ते उचलण्याआधी पत्ता पाहा, कार्ड जाणार असेल इस्रायलमधल्याच अश्दोदला किंवा दिमोनाला!

सेदेरमध्ये घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं कथा सांगतात. मी आता तिथूनच सुरुवात करते: "यंदा चार प्रश्न कोण विचारणार? धाकटी बोलायला लागली असेल ना?" एवढ्या दोन ओळींवर फोन येतो.

आणि बेने इस्राएल घरी पाठवत असाल तर बेलाशक मराठीत लिहा. सेदेरची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये छापली गेली. इस्रायलमध्ये वाढलेल्या नातवंडांना मात्र मराठी कळलं तरी देवनागरी वाचता येईलच असं नाही. त्यांच्यासाठी तोच मजकूर बोलून पाठवा.

उशीर झालाच तर गप्प बसू नका. सणाच्या मधल्या दिवसांसाठी वेगळी शुभेच्छा आहे, "मोअदिम लेसिम्खा". तेही दिवस गेले असतील तर मी करते तसं करा: "पेसाख छान झाला ना? आता नानकटाई घेऊन येते."