चार साइट, एक सर्व्हर, पण प्रत्येकीचा पीएचपी वेगळ्या यूजरने

माझ्या एका क्लायंटच्या वर्डप्रेसमध्ये जुनाट प्लगइन राहून गेला होता, त्यातून कोणीतरी घुसलं आणि त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या तीन साइटच्या कॉन्फिग फाइल्सही वाचून गेलं, डेटाबेस पासवर्डसकट. कारण काय, तर चारही साइटचा पीएचपी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ह्या एकाच यूजरने चालायचा. चार बिऱ्हाडं आणि किल्ली एकच.

उपाय पीएचपी-एफपीएममध्येच (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) आहे, २०१० साली पीएचपी ५.३.३ आलं तेव्हापासून तो पीएचपीसोबतच मिळतो. प्रत्येक साइटला वेगळा पूल, म्हणजे प्रोसेसचा वेगळा गट, द्यायचा, पूलला वेगळा यूजर. मी डेबियन १२ (लिनक्स), पीएचपी ८.२ आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर धरून सांगतोय.

आधी साइटसाठी यूजर बनवा, समजा 'दुकान', शेल नोलॉगिन ठेवा, म्हणजे त्या नावाने कोणी लॉगिन करू शकणार नाही. मग एफपीएमच्या पूल.डी फोल्डरमध्ये आधीपासून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नावाची कॉन्फिग असते तिची कॉपी मारा, वरती चौकटी कंसात जे पूलचं नाव असतं ते बदला (हे विसरलात की दोन्ही फाइल्स एकाच पूलच्या धरल्या जातात), यूजर आणि ग्रुप दोन्हीकडे दुकान टाका आणि लिसनला नवीन सॉकेटचा (एनजिनएक्स आणि एफपीएम जिच्यातून बोलतात ती फाइल) पाथ द्या. लिसन-ओनर आणि लिसन-ग्रुप मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच राहू द्या, कारण ते सॉकेट उघडणार एनजिनएक्स आणि तो ह्याच यूजरने चालतो. मी उत्साहाच्या भरात तिथेही दुकान लिहिलं आणि अर्धा तास ब्राउझरमध्ये ५०२ एरर बघत बसलो, एरर लॉगमध्ये परमिशन डिनाइड स्पष्ट लिहिलेलं असताना. छोटी साइट असेल तर पूलमधली पीएम (प्रोसेस मॅनेजर) सेटिंग ऑनडिमांड करा, कोणी येत नसेल तेव्हा प्रोसेस बंद होतात, रॅम वाचते.

एनजिनएक्समध्ये त्या साइटच्या फास्टसीजीआय-पास ह्या सेटिंगला नवीन सॉकेट द्या.

खरी गंमत परमिशनमध्ये आहे. फाइल्सचा मालक दुकान, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फाइल्सना ६४० आणि फोल्डर्सना २७५०, म्हणजे मालक लिहू शकतो, ग्रुप फक्त वाचू शकतो, बाकीच्यांना काहीच नाही. पुढचा २ टाळू नका, त्याच्यामुळे नवीन फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो, नाहीतर वर्डप्रेसने बनवलेला नवीन फोल्डर दुकान ग्रुपमध्ये जातो आणि एनजिनएक्सला वाचता न आल्याने ४०३ (परवानगी नाही) येतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग (वर्डप्रेसची पासवर्ड असलेली फाइल) सरळ ६०० करा, म्हणजे फक्त मालकाला दिसेल, ती एनजिनएक्सला लागतच नाही.

सगळ्या साइट हलवून झाल्या की जुना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पूल बंद करा. तो चालू ठेवलात तर त्यातल्या कोडला ग्रुपमुळे सगळ्यांच्या फाइल्स वाचता येतात, मग एवढा खटाटोप कशाला केला?

आता एफपीएमची कॉन्फिग टेस्ट करा, ओके आलं की एफपीएम आणि एनजिनएक्स दोन्ही रीलोड. साइट एकदा उघडून पीएस कमांडमध्ये (चालू प्रोसेसची यादी) बघा, पूल दुकान लिहिलेल्या प्रोसेससमोर यूजर दुकानच दिसला पाहिजे. सगळे पूल सांभाळणारी मास्टर प्रोसेस रूटने चालते, ते बरोबर आहे, घाबरू नका.

ओपन-बेसडिर (पीएचपीला ठरवलेल्या फोल्डरबाहेरच्या फाइल्स उघडू न देणारी सेटिंग) लावलंय म्हणून हे नको असं काही जण म्हणतात, पण पीएचपीने एक्झेक ह्या फंक्शनने बाहेरची कमांड चालवली की तिला ते बंधन लागत नाही. आणि एकाच मास्टरखालचे सगळे पूल ओपकॅशची (तयार केलेला पीएचपी कोड जपून ठेवणारी सोय) मेमरी शेअर करतात, त्यामुळे अनोळखी लोकांना होस्टिंग विकत असाल तर प्रत्येकाला वेगळा मास्टर किंवा कंटेनर द्या.