आईबाबांचा मधुमेह आणि घरचं ताट: या चुका टाळा

आईची साखर वाढली तशी आम्ही तिच्या ताटातून एकेक गोष्ट काढत गेलो. आधी भात गेला, मग केळं, बटाटा, आणि शेवटी रात्रीची पोळीही अर्धी झाली. रिपोर्ट सुधारला. मग एका पहाटे ती बाथरूमच्या दाराशी घामाने डबडबलेली, असंबद्ध बोलत बसलेली सापडली. ग्लुकोमीटरवर आकडा होता ५४.

जेवण कमी, गोळ्या मात्र तेवढ्याच

सगळ्यात घातक चूक हीच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतलं, की माणूस जेवलेला असो वा नसो, साखर उतरतेच. ७०च्या खाली गेली की हायपो, म्हणजे साखर धोक्याइतकी कमी होणं. म्हाताऱ्या माणसात तो ओळखणं अवघड जातं. हात थरथरण्याऐवजी नुसती चिडचिड, गोंधळ, तोल जाणं दिसतं आणि आपण म्हणतो, "वय झालं आता." हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर छातीतली धडधडही जाणवत नाही.

माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पण गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेचा लवकर उपयोग होत नाही, कारण साखरेचं ग्लुकोजमध्ये रूपांतर होणंच ही औषधं लांबवतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

जेवणात बदल करण्याआधी डोसाबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७च्या आत आणायचा हट्ट प्रत्येक वयात धरू नका. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या ज्येष्ठांना डॉक्टर ८पर्यंतही मुभा देतात.

"ज्वारीची आहे, कितीही खा"

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे जवळपास गव्हाइतकीच. नाचणीचंही तेच. तंतुमय भाग असल्याने भाकरी चांगलीच, पण आपल्या हाताची जाड, ताटभर भाकरी म्हणजे दोन-तीन फुलक्यांचं पीठ झालं. पीठ एकदा वजनकाट्यावर मोजून बघा, अंदाज किती चुकतो ते कळेल. गूळ आणि मध यांनाही साखरेच्याच हिशेबात धरा.

पातळ वरण आणि मऊ भात

दात गेले, कवळी टोचते, मग पेज, मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं. याने साखर चटकन चढते आणि दंड-मांड्या वाळत जातात. स्नायू गेले की पडणं आलं. मूत्रपिंडं ठीक असतील तर ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या आजीला ६० ग्रॅमच्या वर. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतात, आणि वाटीभर पातळ वरणात त्याहूनही कमी. तेव्हा दर जेवणात काहीतरी घट्ट हवं: पिठलं, मुगाचं धिरडं, कुकरला मऊ शिजवलेली मटकी, भुर्जी, काटे काढलेला मासा, दही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं असेल, तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या. तेव्हा कमी सोडियमचं मीठही आपल्या मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साठू शकतं.

उपास

याबाबत घरात वाद घालून काही साधत नाही. चाळीस वर्षं संकष्टी करणारी बाई "सोडून दे" म्हटल्याने सोडणार नाही. पण सकाळची गोळी घ्यायची, दिवसभर चहावर राहायचं आणि रात्री नऊला चंद्रोदयानंतर साबुदाण्याची खिचडी आणि मोदक खायचे, यात साखर आधी घसरते आणि मग उसळते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याऐवजी दुपारी थोडी भगर आणि वाटीभर दाण्याची आमटी, मधे ताक, काकडीची कोशिंबीर. गोळी त्या दिवशी कधी आणि किती घ्यायची, हे आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा. आमच्याकडे कालनिर्णयवरच्या संकष्टीपुढे तसं लिहून ठेवलेलं असतं.

आई आता साडेसातला जेवते. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग अर्धी भाकरी, शेवटी भाताची एक छोटी मूद, वर चमचाभर तूप. आधी भाजी आणि प्रथिनं खाल्ली की जेवणानंतरची साखर कमी उसळते. झोपण्यापूर्वी मोजतो. १००च्या खाली दिसली तर, डॉक्टरांनी तिच्यासाठी सांगितल्याप्रमाणे, अर्धा कप दूध देतो. ग्लुकोजचा डबा तिच्या उशाशी असतो, आणि तो कसा द्यायचा हे शेजारच्या काकूंनाही दाखवून ठेवलं आहे.